गणपतची आई

प्रिय आई,

उद्या मला पुन्हा इतवाऱ्यात घरोघर जायचं आहे, मतदारांची नावं लिहायला. दुसरी निवडणूक आली. तुला जाऊन चार महिने झाले. कोरी वही समोर ओढली आणि तुलाच लिहीत बसले.

हल्ली तू स्वप्नात येतेस. तापीच्या पायऱ्यांवर पाठमोरी उभी असतेस, पाण्यावर धुकं, लुगड्याचा रंग काही केल्या ओळखू येत नाही. मी हाक मारते. कधी 'गोदा', कधी 'रमा'. तू वळत नाहीस. नुसतं 'आई' म्हणायचं तिथं कसं गं सुचत नाही?

पहिल्या यादीच्या वेळी संस्थानं देशात विलीन होत होती. मला वाटायचं, आता बायकाही मोकळ्या होणार! ओट्याओट्यावर उभी राहून मी भाषणं ठोकायचे. शेजारच्या सकीना खालांना तर पडदा पाळण्यावरून किती सुनावलं. हातमाग थांबवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दारावरच्या बांबूच्या पडद्याआडून म्हणाल्या, "लिख, सकीना बी. निकाह से पहले भी यही थी."

तिथून आपल्या घरी आले. तू भाकरी थापत होतीस. नाव विचारलं तर हसलीस. "कोनतं सांगू? शाहपूरचं का तांदळातलं?"

माहेरी, शाहपूरला, तू गोदा. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'रमा' लिहिलं आणि गोदा तिथंच राहिली. तू खरंच विचारत होतीस, आणि मला थट्टा वाटली. अजून अख्खी गल्ली बाकी होती. थोरल्या दादाच्या नावानंच सगळे तुला ओळखत, म्हणून मी लिहून टाकलं: गणपतची आई.

तू का नाही ठासून सांगितलंस?

अशी बिननावाची नावं यादीतून गाळली होती, हे मतदानाच्या दिवशी कळलं. ठेवणीतलं लुगडं नेसून तू खालांबरोबर गेलीस. त्यांना आत घेतलं. तू बाहेर चिंचेखाली उभी राहिलीस. बुरख्यातल्या खाला मत देऊन आल्या आणि तुझा हात धरून तुला घरी घेऊन आल्या.

पदर सारखा करत तू मला विचारलंस, "तूच लिवलं होतं ना? मंग मी कुठं गेले?"

रागावली असतीस तर मी भांडले असते. भांडण मला येतं.

थोडं थांबायचंस गं! पण खरं सांगू? तू असतीस तरी कोणतं नाव लिहावं, हे मला कुठं माहीत आहे? इतकी वर्षं एका घरात राहून मी ते विचारलंच नाही.

उद्या एखादी बाई हसून तसंच म्हणेल. मी भाषण करणार नाही. तिच्या ओट्यावर बसून राहीन, तिचं काम उरकेपर्यंत, तिचं ठरेपर्यंत. ती बोलेपर्यंत कागदाला पेन लावणार नाही. तुला शब्द देते.

तुझी,
कुसुम