बाबांनी सांगितलेलं उणे चिन्ह

प्रिय बाबा,

काल माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. पास झाले. आईनं हातावर पेढा ठेवला, तो मी तसाच डब्यात परत ठेवला. मी तिथे खोटं बोलून आले आहे. ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

शेलूबाजारच्या आपल्या मोटार वायंडिंगच्या दुकानात तुम्ही विचारलं होतं, "कायचा अभ्यास करून राह्यली तू?"

मी सांगितलं, पाण्यात तांब्याचे डोळ्याला न दिसणारे कण मिसळले की त्याला नॅनोफ्लुइड म्हणतात. चुंबकाच्या प्रभावात ते किती उष्णता वाहून नेतं, ते गणित मी कॉम्प्युटरवर सोडवते. उत्तर आलंय, चुंबक जितका जोरदार तितकी उष्णता जास्त जाते.

तुम्ही हातातली तार खाली ठेवलीत. "उलटं आलं वाटते. लाइटच्या जुन्या मीटरमधली चकती पाह्यली ना? फिरता फिरता चुंबकच तिले अडवते. मंग या पान्यालेही अडवीन. पानी हळू झालं त गरमी जास्त कशी जाईन?"

"बाबा, तुमाले नाही समजत त्यातलं!"

गिऱ्हाइकासमोर म्हणाले मी हे. तुम्ही नुसते हसलात. तेव्हाच रागावला का नाहीत हो?

नंतर तुम्ही कधी विचारलंच नाही. दवाखान्यातही नाही. मी उशाशी लॅपटॉप घेऊन बसायचे. तुम्ही पडद्याकडे बघायचात आणि कूस बदलायचात.

तुम्ही गेलात, तुमचं पुण्यानुमोदन झालं. त्यानंतर आठवड्याभरानं तुमची ती मीटरची चकती आठवली आणि मी प्रोग्रॅम ओळीओळीनं तपासला. चुंबकाच्या बलापुढे उणे हवं होतं, मी अधिक टाकलं होतं. एक चिन्ह! ते बदललं आणि प्रवाह मंदावला, उष्णताही कमी गेली. मी सवयीनं तुम्हाला सांगायला धावत दुकानात आले. शटर बंद होतं.

काल परीक्षकांनी प्रबंधातलं या दुरुस्तीचं प्रकरण उघडून विचारलं, "चूक लक्षात कशी आली?"

"जुने शोधनिबंध वाचताना," मी म्हणाले.

बाबा, सातवी शिकलेल्या वायंडरचं नाव त्या खोलीत घ्यायची मला लाज वाटली. तुमच्याच पोरीला!

सोमवारी प्रबंधाची शेवटची प्रत द्यायची आहे. त्या प्रकरणात मी लिहिणार आहे, की ही चूक माझ्या वडिलांनी, प्रोग्रॅम न बघता, सांगितली होती आणि मी त्यांचं ऐकलं नव्हतं. माझे मार्गदर्शक सर म्हणतील, हे वाक्य काढ.

नाही काढणार.

तुमची,
सुजाता