मुलीचे मामा

अकोला, ता. १२ एप्रिल १९६०

तीर्थस्वरूप मोरोपंतमामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आईची धाप थोडी कमी आहे. सरोजिनीच्या लग्नाचा मांडव पुढच्या आठवड्यात पडेल. बाबा नाहीत, म्हणून सगळा भार आपल्यावर. अंतरपाटाशी तिला आपणच आणणार, हे भटजींना सांगून ठेवले आहे.

पण मुहूर्त १ मेचा. त्याच दिवशी नवे महाराष्ट्र राज्य होणार, आणि आपण वेगळ्या विदर्भासाठी दंडाला काळी फीत बांधणार, असे काल धामणगावहून आलेल्या गृहस्थांनी सांगितले. तेव्हापासून घास उतरत नाही. व्याही कमलाकांतराव तर त्या दिवशी अकोटात पेढे वाटणार आहेत. मांडवात काळे दिसले तर आल्या एस.टी.ने मुलाला परत नेईन, असे ते चारचौघांत म्हणाले. कृपा करून फीत घरीच ठेवावी.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला हरिहर

अमरावती, १६ एप्रिल

चि. हरिहर यास अनेक आशीर्वाद.

अक्षर मोत्यासारखे आणि काळीज सशाचे. कावून इतका भितोस रे? फीत मी बांधणार. आम्हाला न विचारता आमचा विदर्भ दुसऱ्याच्या घरात घालतात, त्या दिवशी गुलाल उधळू काय?

साखरपुड्यात तुझ्या व्याह्यांना मी स्कॉटलंडचे सांगितले. ते लोक अडीचशे वर्षे इंग्रजांबरोबर एका राज्यात आहेत, तरी दहा वर्षांमागे लाखोंनी सह्या करून आपली निराळी पार्लमेंट मागितली. व्याही म्हणाले, अडीचशे वर्षे नांदले ना, मग झाले. मी म्हटले, नांदणाऱ्या सुनेला कोणी विचारले का? त्यावर त्यांनी जिलबी मागितली.

सरोजला सांग, मामा आदल्या दिवशीच येतो.

पोटभर जेवत जा, एवढाच आग्रह.
तुझा मामा, मोरोपंत

अकोला, २५ एप्रिल

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

स्टेशनवर पोलीस वाढले आहेत. काळे दिसले की धरतात, असे बाजारात बोलतात. त्यात काल कमलाकांतरावांनी मुद्दाम माणूस पाठवला. मुलीचे मामा येणार का, ते नक्की कळवा, असा निरोप. धमकी नाही तर हे काय? लग्न मोडले तर आई जगायची नाही.

काळजावर दगड ठेवून लिहितो. आपण येऊ नये. आईच्या धामणगावच्या चुलतभावांना उभे राहायला विचारले आहे. घरात आपण तापाने आजारी असे सांगेन. हे पत्र फाडावे.

माया कमी करू नये.
आपला हरिहर

अकोट, ६ मे

तीर्थस्वरूप मामांना सरोजिनीचा साष्टांग नमस्कार.

भटजींनी मुलीच्या मामांना हाक दिली, तेव्हा गौरीहरापाशी मी उठलेच नाही. आईने डोळ्यांना पदर लावला. शेवटी धामणगावच्या मामांनी हात धरला. भले गृहस्थ, पण हात ओळखीचा नव्हता.

पंगतीत सासऱ्यांनी आपल्या शेजारच्या पाटावर कोणाला बसू दिले नाही. म्हणाले, मोरोपंतांच्या स्कॉटलंडला उत्तर सापडले आहे, महिनाभर घोकून आलोय, आणि हा माणूस ताप काढून बसला. दादाने भीत भीत फितीचे विचारले. ते हसले. ते तर मोरोपंतांच्या कानी जावे आणि त्यांनी चिडावे म्हणून बोललो, म्हणाले. यायला नको असते, तर माणूस पाठवून वाट कशाला पाहिली असती? दादाचा चेहरा इतका उतरला, की मला सगळे कळले. आपल्याला ताप नव्हता.

त्याला मी काही बोलले नाही. विचारते ते आपल्याला. सरकारला न भिणारे आपण, दादाच्या भीतीपुढे कसे हो नमलात?

रविवारी सासऱ्यांबरोबर अमरावतीला येते. खरे काय ते त्यांना मी सांगितलेले नाही. ते भांडायला येत आहेत, मी रडायला. दोघांनाही घरात घ्यावे.

आपली,
सरोजिनी