सारीच्या टोपीचं नाणं

अम्मान,
१२ मार्च १९७२

ती. फिद्दाताईस,
मिफ्लेहचा सा. न. वि. वि.

उम्म कैसहून सुखरूप पोचलो. तुझ्या सासूबाईंनी बांधून दिलेले ऑलिव्ह जेराशपर्यंतही पुरले नाहीत. शेजारच्या प्रवाशाचाही त्यात हात होता. तुझ्या सारीने ओढलेली माझी मिशी अजून दुखते. नऊ महिन्यांचं पोर, पण मूठ पैलवानाची!

त्याच्या टोपीला शिवलेलं ते जुनं तांब्याचं नाणं मी सहज वाखाणलं आणि फसलो. तुझ्या सासूबाईंनी, उम्म नायेफनी, तिथल्या तिथे कात्री मागवली, टाके उसवले आणि नाणं माझ्या हातावर ठेवलं. मी शपथा घातल्या, हात मागे लपवले. पाहुण्याच्या मनात भरलं ते पाहुण्याचं, याशिवाय त्या दुसरं काही बोलेचनात.

आता पुढचं ऐक. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते भिंगाखाली धरलं, तर त्यावर वल्ह्यांचं जहाज! तुझं सासर डोंगराच्या माथ्यावर आणि नाण्यावर जहाज! वरच्या मजल्यावरचे घड्याळजी बेद्रोस म्हणाले, रोमन काळातलं आहे, तुमच्या गावानेच पाडलेलं. ताई, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. आणखी पाच नाणी मिळवली आहेत. मखमल लावलेलं तबक केलं, मधोमध तुमचं जहाज. तुझी भावजय म्हणते, तिनेही तोंडाला गंज चढवून घ्यावा, म्हणजे मी तिच्याकडे बघेन.

सर्वांना सलाम. या वेड्या भावावर आहे तेवढी माया ठेव.

तुझा,
मिफ्लेह

उम्म कैस,
२० मार्च

चि. मिफ्लेह यास,
फिद्दाचे अनेक आशीर्वाद.

आधी तिकिटं झाली, मग कबुतरं झाली, आता नाणी. कबुतरं निदान खाता तरी आली.

सारीला तू गेल्यापासून ताप येतो आणि जातो. तू नाणं वाखाणलंस तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून माशाल्ला म्हणाला होतास का, हा इथे मोठा प्रश्न झाला आहे. कुणालाच आठवत नाही. दृष्ट कुणाची ते बघायला सासूबाईंनी शेगडीत तुरटी जाळली. ती फुगून तिचा चेहरा झाला, आणि शेजारीण म्हणाली की त्याला चष्मा आहे. सगळे हसले, मीही हसले. मग पोराच्या कपाळाला हात लावला आणि हसू पळालं.

ते नाणं माझ्या नवऱ्याच्याही टोपीला होतं. नायेफ धडधाकट वाढला, म्हणून घरात त्याचा मान. सासूबाई टोपी मांडीवर घेऊन उसवलेल्या जागी बोट फिरवत बसतात. दिलेलं परत मागणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. मीही मागत नाही, फक्त कळवते. तू हुशार आहेस, असं अब्बा म्हणायचे.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो तुझ्या वागण्याने कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
फिद्दा

अम्मान,
२७ मार्च

ती. फिद्दाताईस,
सा. न. वि. वि.

अगं, या वयात ताप दातांचा येतो, नाण्याचा नाही. त्याला इर्बिदच्या डॉक्टरकडे ने. सोबत चांदीचं नवंकोरं नाणं पाठवतो, टोपीला शोभून दिसेल.

ते जुनं मात्र परत कसं करू? मिळालेली भेट परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, हे तूच मला कान पिळून शिकवलंस. आणि खरं सांगू? देववत नाही. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो. घरी येऊन ते जहाज बघितलं की जीव हलका होतो. रागावलीस तरी चालेल, पण खोटं लिहिणार नाही.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
मिफ्लेह

उम्म कैस,
४ एप्रिल

चि. मिफ्लेह यास,
आशीर्वाद.

तुझं चांदीचं नाणं पोचलं. शेजारच्या पोरीने ते वाखाणलं, सासूबाईंनी तिला देऊन टाकलं. अगदी हसतमुखाने.

ताप पुन्हा आला. इर्बिदच्या डॉक्टरांनी अम्मानच्या मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं आहे. पुढच्या आठवड्यात मी, सारी आणि सासूबाई येतो. तुझं तबक समोर मांडून ठेव. त्या नाणं वाखाणतील, तू देशील. कुणी मागितलं नाही आणि कुणी परत केलं नाही. तुझी विद्या खरी असेल, मिफ्लेह. पण पोर मांडीवर तापलेलं असतं तेव्हा मला विद्या पुरत नाही. जे म्हणून आहे ते सगळं हवं असतं.

बाकी भेटीत. तोवर तरी शहाण्यासारखा वाग.

फिद्दा

अम्मान,
१६ एप्रिल

ती. फिद्दाताईस,
सा. न. वि. वि.

सारी कसा आहे? रोग कानात निघाला, हे बरंच झालं. औषध संपेपर्यंत थांबवू नकोस.

तू पोराला निजवत होतीस, म्हणून तबकापाशी काय झालं ते तुला नीट कळलं नाही. उम्म नायेफनी पहिलं नाणं वाखाणलं, माशाल्लासकट. दिलं. दुसरं वाखाणलं. तेही दिलं. अशी पाचही गेली. मग जहाजाशी आल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या की अम्मानची हवा छान आहे. तेव्हा त्यांचं बोट जहाजाभोवतीच्या मखमलीवर फिरत होतं, ताई. ते बघितल्यावर मला तबकात काही दिसेना.

तुम्ही निघालात आणि मी सपाता घालूनच टॅक्सीच्या अड्ड्यावर पळत आलो. चार प्रवाशांदेखत ते त्यांच्या मुठीत कोंबलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. म्हाताऱ्या बाईचा भर रस्त्यात अपमान केला मी. तुमच्या घराचं दार मला बंद झालं असेल, तर तसं स्पष्ट लिही. तुला तर काही ऐकावं लागत नाही ना?

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
मिफ्लेह

उम्म कैस,
२४ एप्रिल

चि. मिफ्लेह यास,
उम्म नायेफचा सलाम आणि आशीर्वाद.

मी सांगते, फिद्दा लिहिते. एक शब्द गाळला तर तिला माझी शपथ आहे.

पोर बरं आहे. कोंबड्यांमागे रांगतं, त्यांचे दाणे खातं.

माझी भेट मलाच परत केलीस. असं आजवर कुणी केलं नव्हतं. इर्बिद येईपर्यंत तुला मनात शिव्या देत होते. मग शिव्या संपल्या.

तुझी पाच नाणी सोबत परत पाठवते. मला ती नको होती. त्या एकापाशी जायला धीर होईना, म्हणून वाटेतली वाखाणत गेले. आणि पोचल्यावरही जीभ उचलली नाही. त्या दिवशी कात्री तरी का घेतली? तू वाखाणलंस आणि हात चालला. हाताला आईची शिकवण, मन मागाहून पोचलं.

हे सगळे समजतात, मी दृष्टीला घाबरते. घाबरतेच. पण ते नाणं मुलांना राखतं, असं मला सांगू नका. नायेफच्या आधी ते माझ्या खलफच्या टोपीला होतं, मग मिझअलच्या. दोघेही चालायला लागायच्या आधी गेले. त्यांचे कपडे सासूने वाटून टाकले. तेव्हा इथे फोटो कोण काढत होतं? त्यांच्या अंगाला लागलेलं एवढंच माझ्यापाशी आहे. फिद्दाला हे आत्ता, लिहिता लिहिता कळतंय. अक्षर बिघडलं असेल तर सांभाळून घे.

ऑलिव्हचा डबा भरून ठेवला आहे, येऊन घेऊन जा. भिंग आण. त्या जहाजात माणसं आहेत का, ते मला बघायचं आहे.

सगळं गाव मला उम्म नायेफ, म्हणजे नायेफची आई, म्हणतं. मीही तीच झाले. पण थोरल्याच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून आज या कागदावर माझं पुरं नाव लिहायला सांगते.

तुझ्यावर लोभ असलेली,
खलफ, मिझअल आणि नायेफ यांची आई