फुकटच्या पाच रात्री

९ जानेवारी. विटा, सकाळ.

गाडी तयार. शाळेची जुनी व्हॅन होती, आता चाकावरचा बंगला आहे. आतला बेड मी स्वतः बांधला. सगळा जन्म ट्रकवाल्यांच्या बुडाखाली कुशन घालण्यात गेला, आता पहिल्यांदा स्वतःसाठी फोम कापला. मरून पडदे, मरून रेक्झिन. मागच्या काचेखाली पेंटरकडून ठळक लिहून घेतलं: रहिमान कुशन वर्क्स, विटा. खाली दुकानाचा नंबर. दुकानाचा मोबाईल बायकोकडे, नूरजहांकडे देऊन चाललोय. मी नाही म्हणून गिऱ्हाईक सुटायला नको.

बायकोची अट अशी, की आधी एकट्यानं पाच रात्री गाडीत झोपून दाखवा, मग मी तुमच्याबरोबर हिंडायला येते. नाही जमलं तर गाडी अजमलला, सोफे पोचवायला. अजमल आमचा मुलगा. आत्ताच टेप घेऊन आत शिरला होता. काय मोजतोस विचारलं, तर म्हणे, “काय नाय अब्बा, थ्री-सीटर आडवा बसतो का बघत होतो.”

बसणार नाही. तीस वर्षं तिला ‘नेतो, नेतो’ म्हणत आलोय. साधा समुद्र तिनं पाहिलेला नाही. आता नेणार.

माझी स्वतःची अट जास्त कडक आहे. लॉज नाही, पैशाचं पार्किंग नाही, आणि कुणाच्या घरात पाठ टेकायची नाही. रस्ता सरकारचा, हवा अल्लाची, डिझेल माझं. मधे कोण येतो बघू. जुम्म्याची नमाज झाली की निघालो.

१० जानेवारी. माण तालुका, दहिवडीच्या अलीकडची वस्ती. सकाळी.

पार्किंगची जागा एक नंबर निवडली होती. गावाबाहेरची शाळा, पुढं मोकळं मैदान, चिटपाखरू नाही. पडदे ओढले, चादर घेतली.

तेवढ्यात बॅटरीचा झोत. एक मिशीवाला माणूस गाडीला चक्कर मारत होता. माझे कान तिखट. तो मागची जाहिरात पुटपुटत वाचत होता, नंबरसुद्धा. म्हटलं, पेंटरचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल. मग तो लांब जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला आणि परत येऊन काच वाजवली.

“रहिमानभाई, उतरा. मी नाथाजी, मिलिटरीतला रिटायर्ड हवालदार. पाव्हणा माणूस शाळंत झोपला तर गाव तोंडात शेण घालंल माझ्या.”

मी म्हटलं, मी पाहुणा नाही, प्रवासी आहे. तो म्हणाला, “आवं, त्यो फरक जेवल्यावर सांगा.”

फौजी माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. देशाचा प्रश्न असतो. त्यांच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर झोपलो. नाइलाजानं.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि मटकी. वहिनी म्हणाल्या, “वांगं न्हाई केलं, तुमाला पित्त हुतं न्हवं?” मला वांग्यानं पित्त होतं हे माणमधल्या बाईला कसं कळलं? या दुष्काळी भागातली माणसं चेहरा वाचतात.

नूरजहांला फोन केला. म्हटलं, गाडीत घोडे विकून झोपलो. ती म्हणाली, “हां. मटकी बाधली तो नहीं ना?” मटकीचं मी बोललोच नव्हतो. अंदाज. बायकांचा अंदाज लागतो कधीकधी.

११ जानेवारी. तीच वस्ती.

नाथाजींनी सोडलं नाही. बोकड कापायचा होता. मला चालावं म्हणून शेजारच्या गावातनं मुल्लाणी बोलावून रीतसर हलाल केला. आता एवढं केल्यावर गाडीत जाऊन झोपणारा माणूस, माणूस म्हणायचा का?

आजपासून कडक.

१२ जानेवारी. कोरेगाव. संध्याकाळ.

काल बाजाराच्या मैदानात लावली. गर्दीच्या जागेत कोण कुणाला विचारत नाही, हे माझं शास्त्र. रखवालदार आला, पण गाडीच्या मागचा फोटो काढला आणि लांबूनच सलाम करून गेला. नाव पोचलंय कोरेगावपर्यंत.

झोपलो. म्हणजे आडवा होतो. पहाटे पहाटे टेम्पो यायला लागले. आज बाजार! पडदा सारला तर माझ्या आरशाला ताडपत्रीची दोरी, बंपरला दुसरी दोरी, आणि दाराच्या पायरीवर एक म्हातारी कांद्याची पाटी मांडून बसलेली. रंगुबाई नाव.

म्हटलं, मावशी, मला निघायचंय.

“निघ की. पन गाडी ऱ्हाऊ दे. सावली लय झ्याक पडलीया.”

मी आवाज चढवला. म्हटलं, ही गाडी आहे, मांडव नाही. चार बायका हसल्या. गिऱ्हाइकं मलाच कांद्याचा भाव विचारायला लागली. नंतर नंतर मी सांगायलाही लागलो. बाजार उठेपर्यंत तिथंच. उठताना रंगुबाईनं पदराची गाठ सोडून एक गोळी काढली. “ही घे. रखवालदार म्हनला, भाईंना उपाशीपोटी पित्त हुतं, तेंच्या घरनं सांगितलंया.”

घरनं म्हणजे? बाजारातली माणसं, काहीही बोलतात.

ही रात्र मी धरणार. झोप लागली नाही हा बाजार समितीचा दोष.

१३ जानेवारी. कोयनानगर. सकाळी.

घाट चढून आलो. धरणाच्या कॉलनीपासून लांब, झाडाखाली जागा. शांत. काल इथल्या चहाच्या टपरीवाल्या विजयमालाताईंनी बजावलं होतं, “भाऊ, हितं जमीन हलती बरं का. हलली की मोकळ्यात पळायचं. लाजायचं न्हाई.”

पहिली डुलकी लागली आणि गाडी हलली. चांगली हलली. वर टांगलेला तांब्या डोक्यात पडला. मी कलमा पढत लुंगीवर रस्त्यात आलो आणि जोरात ओरडलो, “पळा! बाहेर पळा!” दोन-तीन घरांचे दिवे लागले. माणसं आली.

म्हैस होती. माझ्या बंपरला पाठ खाजवत होती.

विजयमालाताईंचे मालक हसून हसून खाली बसले. मी म्हटलं, हसा, पण खरा भूकंप असता तर तुम्हाला उठवणारा मीच होतो. यावर सगळे आणखी हसले, ते पटल्यामुळंच. मग ताईंनी घरात नेलं. अंथरूण आधीच घातलेलं होतं. म्हटलं हे कसं? तर म्हणाल्या, “वहिनींनी सांगितलंवतं, येतीलच म्हनून.” कुठल्या वहिनी हे विचारायचं राहिलं. झोप आली होती.

सकाळी नूरजहांचा फोन. “डोकं दुखतं का?”

म्हटलं, मस्त झोप झाली, डोकं कशाला दुखेल?

“तांब्या पितळेचा है, इसलिए पूछी.”

यावर विचार करायचा. पण आज नको.

१३ जानेवारी. रात्र व्हायच्या आत.

पाचवी रात्र ही एकच रात्र खरी धरायची, असं ठरवलंय. आधीच्या चार प्रॅक्टिस. जागा अशी पाहिजे जिथं कुणी जेवायला बोलावणार नाही, म्हैस नाही, बाजार नाही. सगळा मुलूख डोळ्यासमोर आणला. अशी जागा एकच. विट्यात, आमच्या घराच्या मागचा मोकळा प्लॉट. अंधार पडल्यावर हळूच शिरायचं. घरच्यांना सांगायचं, कराडला नदीकाठी आहे. माझ्या अकलेची मलाच कमाल वाटते.

१४ जानेवारी. विटा. सकाळ.

कुणाला कळलं नाही. पहाटेपर्यंत.

पहाटे पावलं वाजली. पलीकडं नवीन भाड्यानं आलेली साक्षी, नर्स आहे, ड्युटीला निघाली होती. गाडीमागं थांबली. मी श्वास रोखला. तिनं फोन लावला.

आणि आमच्या स्वयंपाकघरात दुकानाचा मोबाईल वाजला.

माझे कान तिखट हे मी लिहिलंच आहे. खिडकी उघडी होती. साक्षी म्हणाली, “काकू, तुमच्या माघारच्या प्लॉटात कुणाची तरी गाडी उभी हाय, तुमचाच नंबर हाय मागं.” मग नूरजहांचा आवाज, फोनमधनं आणि खिडकीतनं, दोन्हीकडनं. “मरून पडदे हायत? मग असू दे गं. माझाच पाव्हणा हाय. हे चौथं गाव. रोज कोनतरी फोन करतंय, मी सांगत बसते, ह्येंना वांगं देऊ नका, उपाशी ठेवू नका, उघड्यावर झोपू देऊ नका. पाच दिस माझा डोळ्याला डोळा न्हाई.”

नंबर आजच पुसायचा. नको. दोन गिऱ्हाइकं लागली म्हणे त्यावरनं.

मी दार उघडायच्या आत तिनंच उघडलं. हातात चहाचे दोन कप. मी म्हटलं असतं, की शेवटची रात्र पूर्ण झाली, पण डोळे सांगत होते की मी जागाच होतो. ती बेडवर बसली. हातानं दाबून बघितलं. म्हणाली, “कुशन अच्छा बनाए.” तीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाली, “पाच मिनट टेकते.”

उन्हं वर आली. ती गाढ झोपलीय. घोरतेय. या बेडवर लागलेली पहिली खरी झोप. मी ड्रायव्हर सीटवर बसून हे लिहितोय, मान आखडलीय, चहा मी दोन्ही कप प्यायलो.

आत्ता अजमल आला. काच वाजवून विचारतो, “अब्बा, हरलात ना? सोफा लोड करू?”

म्हटलं, हळू बोल. पाहुणी झोपलीय.