बिराप्पाच्या नावावरचा गुन्हा

२१ मे २०२५

लागलं! यादीत नाव लागलं — हवाई दल, फ्लाइंग शाखा! सातवीपासून दुसरं काही मागितलं नाही मी. आबांनी त्यांच्या सुभेदारी आवाजात 'माझा पोरगा पायलट होणार' असं अख्ख्या गल्लीला सांगितलं. आईनं पेढे देऊन आधी माझ्या लहानपणापासूनच्या दोस्ताकडं, बिराप्पाकडंच पिटाळलं. आत जाववेना. पुडा कट्ट्यावर ठेवून परत आलो.

२३ मे

पडताळणीचा फॉर्म आला. 'तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?'

नाही. अक्षरन् अक्षर खरं. कारण गुन्हा बिराप्पावर दाखल आहे.

आजवर कुठं लिहिलेलं नाही, आज लिहितो. तीन वर्षांपूर्वी ऊसदराचं आंदोलन पेटलं होतं. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्या आम्ही पोरांनी अडवल्या. चाकांची हवा सोडायची, एवढंच ठरलेलं. मी मोठा शहाणा! उतारावरच्या भरल्या ट्रॉलीची एकाच बाजूची चाकं सोडली. ट्रॉली कलंडली. ड्रायव्हरचा पाय मोडला. मी उसात पळालो. बिराप्पा त्या माणसाला मोळ्यांखालून ओढत राहिला, म्हणून पोलिसांना सापडला. त्यानं माझं नाव घेतलं नाही. लष्कराच्या भरतीत पळण्यात पहिला आला होता तो! केस लागली, भरती गेली. आता दुधाचा टेम्पो चालवतो.

२५ मे

बिराप्पाकडं गेलो. म्हटलं, दहा जूनला तुझी कोर्टात तारीख आहे ना, मी येतो, खरं सांगतो. तो टेम्पोत कॅन चढवत होता, थांबलाही नाही.

"येडा हाईस का रं? माजं गेलं ते गेलं. तुजं कशाला घालवतूस?"

मी हटेना, तेव्हा कॅन खाली ठेवला.

"आन् आबांचं काय? पोलिस बाकीची पोरं हुडकत आलं तवा जबाब दिलाय त्यांनी, जया. तू त्या दिवशी वाईला मावशीकडं हुतास म्हणून. सही हाय."

मला माहीतच नव्हतं. आबा! रांगेत कधी कुणाच्या पुढं न घुसणारे आबा!

२६ मे

'नाही' लिहिलं. खाली सही केली. आबांची अब्रू राहावी म्हणून, असं स्वतःला सांगितलं. साफ खोटं! आबांचं निमित्त मिळालं आणि सुटल्यासारखं वाटलं. मला विमान उडवायचंय. त्यापुढं बिराप्पासुद्धा दिसेनासा होतो — लाज वाटते मला माझी.

३ जून

फॉर्म अजून कपाटातच. आईनं लकडा लावला, जेवत का नाहीस? शेवटी ताटावरच आबांना सगळं सांगितलं. जबाबाचंही.  त्यांनी हात धुतला आणि ते रानात निघून गेले.

८ जून

पाच दिवस झाले, आबा पहाटेच रानात जातात आणि मी झोपल्यावर परततात.

१० जून, सांगली

कोर्टाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. सकाळी आबा गाडीला किक मारून दारात उभे. "बस मागं. आदी मी खोटं बोललो ते सांगतो. मग तू बोल."

आबा आत गेलेत. बिराप्पा दाराशी उभा राहून डोळे पुसतोय.

आता मी.