झग्याविना अंघोळ

७ डिसें., संकष्टी
परवा डॉक्टरमॅडम म्हणाल्या, "पाळी गेली तरी महिन्यातून एकदा आपली छाती आपण तपासायची. दिवस ठरवा." मी संकष्टी ठरवली. ह्यांच्या मागे घरात वन्सं आणि मी दोघीच. वन्सं असताना संकष्टी विसरणं शक्य नाही. वरीचे तांदूळ निवडता निवडता थांबल्या. "उपासाच्या दिवशी हे काय भलतंच गो माले?"
जमलं नाहीच. झगाच काढवेना.
कॉन्व्हेंटच्या होस्टेलात झगा घालूनच अंघोळ. साबण आतून. दाराबाहेरून सिस्टर, "आइज अप, गर्ल्स." नजर वर, स्वतःच्या अंगाकडे नाही. मायाळू बाई. तापात उशाशी बसून राहायच्या. लग्नानंतरही झगा सुटला नाही. हे हसायचे, "तुझी सिस्टर अजून दाराबाहेर उभी आहे काय?"

६ जाने., अंगारकी
वन्सं पहाटेच्या एसटीने गणपतीपुळ्याला. घर रिकामं.
कपाटाच्या आरशासमोर झगा उतरवला. स्वतःला असं कधी बघितलंच नव्हतं. म्हातारी झाले की.
हात वर केले. डाव्या बाजूला, काखेजवळ, बारीक खळी. हात खाली घेतला की नाही. मग आडवी पडून, मॅडमनी दाखवलं तसं, बोटांच्या पोटांनी. हरभऱ्याएवढं काहीतरी. दुखत नाही. पुन्हा बघितलं. तिथेच.
वन्सं आल्या. सांगितलं नाही. चंद्र बघून जेवलो.

१२ जाने.
मॅमोग्राफीचा फोटो, सोनोग्राफी झाली. आज सुईने तुकडा घेतला. मॅडम: "पुष्कळदा साधी गाठ असते. पण अंदाजावर सोडायचं नाही. लवकर आलात, बरं केलंत."
आता वन्संना सांगावंच लागलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग, "आमच्या आईच्या छातीला जखम होती. आतून फडकं बांधून राबायची. कळलं तेव्हा वास यायला लागला होता."
सासूबाईंना मी पाहिलं नाही. त्यांच्याबद्दल एवढं कोणी बोललंही नव्हतं.

१५ जाने.
रिपोर्ट सोमवारी. मधेच हात तिकडे जातो, मग काढून घेते. तोंडलीची भाजी केली, मीठ विसरले.
वन्सं टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात थांबल्या.
"माले, आत ये. कसं बघायचं ते दाखव."
"आज कुठे संकष्टी?"
"गप गो. ये."
गेले. पदर बाजूला करून ताठ उभ्या होत्या, नजर वर, छताच्या कौलांकडे.
म्हटलं, "खाली बघा, वन्सं."