परदेशचा शेवट

येलेत्स, ३ नोव्हेंबर १९१३

चि. झीनास ग्लाफिराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मॉस्कोत सिनेमात काम करतेस हे आईला ठाऊक होतं, पण सिनेमा कशाशी खातात हे नव्हतं. रविवारी शेजारच्या फ्योक्लाकाकू मला न विचारता तिला नव्या थिएटरात घेऊन गेल्या. पडद्यावर तू नदीत उडी घेतलीस, तुझं प्रेत काढलं, शवपेटीत ठेवलं. आई तिथंच किंचाळली. घरी येऊन तिनं कुणी गेल्यावर झाकतात तसा आरसा झाकला, देवापुढे मेणबत्ती लावली. तेव्हापासून अन्नाला शिवलेली नाही. तुझ्या नावानं येणारी पत्रं मीच लिहिते, असं ती म्हणते. माझ्या जिवाला घोर लागलाय. असशील तशी निघून ये.

तुझी ताई

मॉस्को, ७ नोव्हेंबर

ती. ताईस झीनाचा सा. न. वि. वि.

नाताळापर्यंत सुट्टीचं नाव काढायचं नाही, असं मालकांनी बजावलंय. अगं, आपल्या लोकांना नायिका मेल्याशिवाय तिकिटाचं चीज झाल्यासारखं वाटत नाही, आणि परदेशात रडकं खपत नाही. म्हणून मालक दोन शेवट काढतात. परदेशच्या शेवटात नावाडी मला जिवंत बाहेर काढतो आणि आमचं लग्न होतं. ते रीळ मिनतवारीनं मिळवून रेल्वेच्या गार्डाच्या हाती पाठवतेय. आईला दाखव. नवरा बुटका आहे, खोक्यावर उभा केलाय, हसू नकोस.

मी ठणठणीत आहे. सप्टेंबरात दोनदा नदीत उतरले, पण साधी शिंक आली नाही. आई जेवली की लगेच कळव. लोभ करतेसच, तो असाच राहू दे.

तुझी झीना

येलेत्स, १२ नोव्हेंबर

चि. झीनास आशीर्वाद.

थिएटरात रीळ लावून दाखवलं. लग्न लागताच लोकांनी पाय आपटून पैसे परत मागितले. नायिका जगली म्हणजे फसवणूकच की! आई मात्र पुन्हा लावा म्हणाली. दुसऱ्यांदा पाहून घरी आली, वाडगाभर कोबीचं सूप प्यायली. मला वाटलं, सुटले. तोच तिनं ट्रंक ओढली.

लग्न सगळं खोटं, म्हणाली. नावेत तुझे दात वाजत होते तेवढं खरं, मेलेल्याचे वाजत नाहीत. मग म्हणाली, "लग्नात ती रुमालाआड हसतेय असं तुला वाटलं? ती खोकतेय, ग्लाफिरा. तुझे बाबा शेवटच्या वर्षी असेच खोकायचे."

छातीला चोळायला हंसाची चरबी आणि खोकल्यावर रासबेरीचा मुरंबा घेऊन ती काल गाडीत बसली. हे पत्र मिळेल तेव्हा ती तुझ्यापाशीच असेल. तिच्याशी खोटं बोलू नकोस, चालणार नाही. आणि झीने, मलाही खरं सांग, रुमालावर काही दिसतं का?

लोभ आहेच; तो घ्यायला तू हवीस.

ताई